बसण्यापुरती जागा

बडोद्याच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडून जुन्या शहराच्या दिशेने चालू लागले, की थोड्याच वेळात आपण एका मोठ्या चौकात येतो. या चौकात महाराज सयाजीराव गायकवाड यांचा अश्वारूढ पुतळा आहे. डर्वेंट वूड या ब्रिटिश शिल्पकाराने तो घडविला. पुतळा देखणा आहे. पण लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘काळा घोडा’. महाराज मागे राहिले आणि घोड्याचा रंग पुढे आला! याच चौकाला लागून एका विस्तीर्ण बागेचे फाटक आहे. कागदोपत्री तिचे नाव सयाजी बाग. बडोदेकरांच्या तोंडी मात्र ती कमाटी बाग. रिक्षावाल्याला ‘सयाजी बाग’ म्हटले तरी तो नेतो. पण ‘कमाटी बाग’ म्हटले, की आपण इथलेच आहोत हे त्याला न सांगता कळते.

८ जानेवारी १८७९ रोजी ही बाग नागरिकांसाठी खुली झाली. त्या वेळी सयाजीराव अवघे पंधरा वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून १८७५ साली दत्तक म्हणून आणलेला हा मुलगा अजून शिक्षकांच्या हाताखाली अभ्यास करीत होता, आणि राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. महाराजांच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली ती १८८१ च्या अखेरीस. म्हणजे बडोदे संस्थानात पुढे ज्या सुधारणा झाल्या, म्हणजे सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगावची ग्रंथालये इत्यादी, त्या सर्वांच्या आधी ही बाग आली. राज्यकर्त्याने प्रजेसाठी मोकळी जमीन राखून ठेवावी, ही कल्पना तेव्हा आपल्याकडे नवी होती. राजेरजवाड्यांच्या बागा पूर्वीही होत्या. पण त्यांना उंच तट असत आणि तटाच्या आतली सावली दरबारातील मंडळींची असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र बदलू लागले. मुंबईची राणीची बाग १८६२ साली उघडली, बंगळूरचे कब्बन पार्क १८७० साली आले. बडोद्याची बाग याच ओळीतली. सुमारे ११३ एकर जमीन, शेजारून वाहणारी विश्वामित्री नदी, आणि फाटकातून आत शिरणाऱ्याला ‘तू कोण?’ असे न विचारण्याची रीत.

ही शेवटची गोष्ट कोणत्याही फलकावर लिहिलेली नसते, म्हणून ती सहसा लक्षात येत नाही. बागेचे वर्णन करताना आपण तिथे काय काय पाहण्यासारखे आहे ते सांगतो. तसे सांगण्यासारखे इथे पुष्कळ आहे. १८९४ साली उभारलेली वस्तुसंग्रहालयाची इमारत आहे. तिच्यात इजिप्तमधून आणलेली ममी आहे आणि १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहत आलेल्या निळ्या देवमाशाचा अजस्र सांगाडा आहे. शेजारच्या चित्रदालनात युरोपीय चित्रकारांच्या कलाकृती आहेत. याशिवाय प्राणिसंग्रहालय आहे, बँडस्टँड आहे, फुलांचे घड्याळ आहे, तारांगण आहे. राजवाड्यातील मुलांना खेळण्यासाठी असलेली छोटी आगगाडी पुढे या बागेत आली आणि शहरातील सगळ्यांच्या मुलांची झाली. लहानपणी मला या सर्वांत देवमासा अधिक प्रिय होता. त्याच्या बरगड्यांकडे मान वर करून पाहताना वाटे, की आपला सारा वाडा या माशाच्या पोटात मावेल.

आमचा वाडा दांडिया बाजारात होता. अठराव्या शतकापासून गायकवाडांच्या पदरी चाकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे या भागात दाटीने राहत. कोणी फौजेतले, कोणी हिशेबनीस, कोणी पुजारी, कोणी शिक्षक. संस्थान १९४९ साली विलीन झाले, १९६० साली बडोदे गुजरात राज्यात गेले, तरी वाड्यांमधून मराठी बोलणे चालूच राहिले. ते मराठी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना जरा वेगळे वाटे. आम्ही मुले ‘खारे दाणे’ न म्हणता ‘खारी शिंग’ म्हणत असू. बडोद्याचा सर्वांत लाडका पदार्थ कोणता, तर सेव-उसळ. उसळ आपली, वर घातलेली सेव त्यांची! कोणी कोणाकडून काय घेतले याचा हिशेब या शहराने ठेवलेला नाही. २०१८ साली एक्क्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले, तेव्हा दूरवरून आलेल्या रसिकांना गुजरातमध्ये एवढे मराठी ऐकून आश्चर्य वाटले. आम्हाला त्यांच्या आश्चर्याचेच आश्चर्य वाटले.

आमच्या बिऱ्हाडात दोन खोल्या आणि नऊ माणसे होती. आज ज्यांना स्वतंत्र खोली, दार लावून बसण्याची सोय आहे, त्यांना अशा घराची कल्पना येणे अवघड आहे. ज्यांना अजूनही ती सोय नाही, त्यांना मी काही वेगळे सांगायला नको. अशा घरात प्रेमाची उणीव नसे, अन्नाचीही फारशी नसे. उणीव असे ती एकांताची. कोणाला परीक्षेचा अभ्यास करायचा असे, नवऱ्याबायकोला एखादी गोष्ट खालच्या आवाजात बोलायची असे, कोणाला नुसते रडायचे असे. रडायलासुद्धा जागा लागते. या सर्व कामांसाठी आमच्या वाड्याला एक मोठी खोली जोडलेली होती, ती म्हणजे कमाटी बाग. कोठीवरून पुढे जाऊन, नदीवरचा पूल ओलांडला, की त्या खोलीत प्रवेश.

पाहण्याचे कार्यक्रम तिथे होत. मुलीला सजवून, पोह्यांच्या बश्या देऊन परक्या माणसांसमोर बसविण्याची रीत माझ्या आजीला आवडत नसे. त्या काळाच्या मानाने ती बरीच पुढारलेली होती. आत्याच्या वेळी तिने मुलाकडच्यांना निरोप पाठविला, की रविवारी संध्याकाळी आम्ही बँडस्टँडजवळ फिरायला जाणार आहोत. दोन्ही कुटुंबे ‘सहज’ भेटली. वडीलधारी मंडळी बाकावर बसली, मुलगा-मुलगी चार पावले पुढे चालली. पसंती झाली तर उत्तम. नाही झाली, तर दोन कुटुंबे बागेत भेटली होती, एवढेच. नकार कोणाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहत नसे. आत्याचे पहिले दोन ‘सहज’ योग असेच विरून गेले आणि वाड्यात कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही. माझ्या मते, मुलींच्या स्वाभिमानाची जेवढी राखण त्या बँडस्टँडने केली, तेवढी अनेक सुधारकांच्या व्याख्यानांनी केली नसेल.

मार्च महिन्यात झाडांखाली पाठांतराची कुजबुज ऐकू येई. पहाटे फिरायला येणाऱ्या निवृत्त लोकांचे एक ठरलेले बाक होते. त्याला आम्ही पेन्शनरांचे बाक म्हणत असू. तिथे मराठी आणि गुजराती वृद्ध एकत्र बसत आणि दोघेही आपापल्या भाषेत बोलत. मला त्यात कधी दुभाष्या दिसला नाही. कोणत्या वाड्यात पूर्वी कोण राहत होते, कोणती विहीर कोणी बुजविली, कोणत्या साली नदीचे पाणी कुठपर्यंत चढले होते, हे सगळे त्या बाकावर सांगितले जाई. आमच्या वस्तीचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नव्हता. तो असा तोंडी चाले. बाकावरचे एखादे माणूस गेले, की काही दिवस त्याच्या जागेवर कोणी बसत नसे. मग कधीतरी कोणी नवा निवृत्त झालेला गृहस्थ येई आणि बाकीचे थोडे सरकून घेत.

परंतु वस्तीचा तोंडी इतिहास सर्व काही सांगत नाही. तो सांगणाऱ्यांचा असतो. त्या बाकावर, आणि आमच्या घरातही, या बागेच्या शंभर गोष्टी मी ऐकल्या. त्यांत सप्टेंबर १९१७ मधील एका संध्याकाळची गोष्ट नव्हती. ती मला पुस्तकातून कळली, आणि ज्यांनी ती लिहिली ते त्या संध्याकाळी स्वतः या बागेत बसले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १९१३ साली बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. न्यूयॉर्क आणि लंडन येथील अभ्यासानंतर ऑगस्ट १९१७ मध्ये ते मायदेशी परतले आणि कराराप्रमाणे बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी आले. शिक्षण मोठे होते, नोकरीचा हुकूम हाती होता. प्रश्न एवढाच होता, की रात्री झोपायचे कुठे? हिंदूंच्या खानावळीत जात सांगितल्यावर जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. पारशी लोकांसाठी असलेल्या एका उतारशाळेत ते गेले. तिथल्या रखवालदाराने अडचण सांगितली आणि मार्गही सुचविला: नोंदवहीत पारशी नाव लिहावे. दिवसाला दीड रुपया असा दर ठरला. वरच्या मजल्यावरची ती खोली अंधारी होती. शेजारच्या मोठ्या दालनात मोडके सामान भरलेले होते, विजेचे दिवे नव्हते, सोबतीला दुसरा एकही पाहुणा नव्हता. आपले नाव लपवून त्या एकाकी जागेत त्यांनी दहा दिवस काढले.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला जाण्यासाठी निघत होते. आदल्या रात्री वाचायला आणलेली ग्रंथालयाची पुस्तके परत करण्यासाठी त्यांनी हातात घेतली होती. हा तपशील मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्याच्यापाशी थांबले आहे. ज्या शहराने त्यांना वाचायला पुस्तक दिले होते, त्या शहराने राहायला खोली दिली नव्हती. इतक्यात जिन्यावर पावले वाजली. हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी वर आले. ‘तू कोण?’ या प्रश्नाने सुरुवात झाली. उत्तर मिळाल्यावर संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा हुकूम देऊन ते गेले. त्यानंतर दोन परिचितांकडे बाबासाहेबांनी आसरा मागून पाहिला. त्यांतील एक हिंदू होते, एक ख्रिस्ती. एकाने घरातील नोकर सोडून जातील असे सांगितले. दुसऱ्याने पत्नीचा सोवळेपणा पुढे केला. दोन्ही नकार सभ्य भाषेत होते. धर्म तीन, आणि उत्तर एकच.

तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास कुठे काढायचे? उतारशाळेत परत जाण्याचे धैर्य होत नव्हते. मग त्यांनी हे तास कमाटी बागेत काढायचे ठरविले. शहर आणि छावणी यांच्या सीमेवर ही बाग आहे, असे त्यांनी लिहिले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या छोट्या आत्मकथनात हा प्रसंग आहे. १९३५-३६ च्या सुमारास ते लिहिले गेले आणि पुस्तिका म्हणून १९९० साली प्रसिद्ध झाले. तिथे ते बसून राहिले. मन कधी सुन्न होते, कधी दुःखाने भरून येत होते. निराधार मुलाला आठवावेत तसे आईवडील आठवत होते. रात्री आठ वाजता ते उठले, गाडी करून उतारशाळेत गेले, सामान खाली आणले आणि स्टेशनवर गेले. दहा वर्षांचा करार अकरा दिवसांत संपला.

हे वाचल्यानंतर कमाटी बागेकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली असे म्हटले, तर ते फार गुळगुळीत होईल. मला पहिल्यांदा आठवली ती आमची दोन खोल्यांची जागा आणि ‘रडायलासुद्धा जागा लागते’ हे आजीचे बोलणे. आम्हाला बाग हवी असे, कारण घरात दाटी होती. त्यांना बाग उरली होती, कारण शहरात एकही घर नव्हते. या दोन गरजा एकसारख्या नाहीत, आणि त्या एकसारख्या आहेत असे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरीही दोन्ही गरजा घेऊन येणाऱ्याला त्या फाटकाने आत घेतले. उतारशाळेच्या नोंदवहीत नाव लिहावे लागे. मित्राच्या दारात जात सांगावी लागे. बागेत नोंदवही नव्हती.

बागेने त्यांना न्याय दिला असे मात्र कोणी म्हणू नये. बागेने दिले ते पाच तास. छप्पर दिले नाही, नोकरी वाचविली नाही. बागेचे फाटक कितीही रुंद असले, तरी माणसाला अखेर त्या फाटकातून बाहेर पडून शहरातच जावे लागते, आणि शहराचे दार बंद असेल तर बाग काय करणार? सयाजीरावांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १८८० च्या दशकातच शाळा काढल्या होत्या. शिष्यवृत्तीही त्यांचीच होती. पण एका राजाची इच्छा आणि एका वस्तीची सवय यांत किती अंतर असते, ते या अकरा दिवसांत दिसते.

बागेत आज एक वटवृक्ष दाखविला जातो. याच झाडाखाली बाबासाहेब बसले आणि आपल्या समाजाला या अवस्थेतून बाहेर काढण्याचा संकल्प त्यांनी इथेच केला, अशी लोकांची श्रद्धा आहे. या जागेला ‘संकल्पभूमी’ म्हणतात. २३ सप्टेंबरला तिथे लोक जमतात. गुजरातच्या गावांतून येतात, महाराष्ट्रातून येतात. त्या दिवशी बागेत निळे झेंडे दिसतात आणि नागपुरी, खानदेशी, मराठवाडी अशा तऱ्हातऱ्हांच्या मराठीचा कल्लोळ कानी पडतो. अभ्यासक म्हणून मला हे सांगितले पाहिजे, की त्या आत्मकथनात झाडाचा उल्लेख नाही, संकल्पाचाही नाही आणि तारीखही नाही. तिथे बाग आहे, पाच तास आहेत आणि आईवडिलांची आठवण आहे. परंतु एवढ्यावरून त्या झाडाखाली हात जोडणाऱ्यांना कोणी चुकीचे ठरवू नये. ज्यांचा इतिहास पेन्शनरांच्या बाकावर सांगितला गेला नाही, त्यांनी तो सांगण्यासाठी एक झाड निवडले. आठवणीला टेकायला काहीतरी लागते. शिवाय त्या संध्याकाळनंतर त्यांनी जे आयुष्य जगले, त्याकडे पाहता संकल्पाचा उच्चार कुठे आणि केव्हा झाला, हा प्रश्न तसा गौणच ठरतो. एका वर्षी त्या गर्दीत मी एका वृद्ध बाईंना वडाच्या मुळाशी नुसते बसून राहिलेले पाहिले. त्या घोषणा देत नव्हत्या, फुले वाहत नव्हत्या. बसल्या होत्या. मला ते वंदन अधिक समजले.

विश्वामित्री नदीबद्दल चार शब्द लिहायला हवेत. कारण बाग टिकली आहे ती तिच्या सोबतीने, आणि तिला धोकाही तिच्याच बाजूने आहे. पावागढच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी शहराच्या मधोमध वळणे घेत जाते. तिच्या पाण्यात मगरी राहतात. भर शहरात, पुलावरून वाहने धावत असताना, खाली काठावर मगर ऊन खात पडलेली दिसावी, हे दृश्य बडोद्याबाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही. नदीकाठची मोकळी जमीन ही नदीची अंगणे असतात. पावसाळ्यात तिला पाय पसरायला तेवढी जागा लागते. गेल्या काही दशकांत या अंगणांत इमारती उभ्या राहिल्या, ओढे-नाले अरुंद झाले. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर आला, तेव्हा शहराचे विस्तृत भाग पाण्याखाली गेले आणि वस्त्यांमध्ये शिरलेल्या मगरींना पकडून सुरक्षित जागी सोडावे लागले. बागेलाही पुराचा तडाखा बसला. पण बागेत आलेले पाणी आणि घरात आलेले पाणी यांत फरक असतो. मातीची जमीन पाणी पिते, झाडे चिखलात उभी राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा गवत उगवते. सिमेंटने झाकलेल्या अंगणाला हे जमत नाही. म्हणून बागेतली प्रत्येक नवी फरशी पाहिली, की मला पेन्शनरांच्या बाकावरची ती चर्चा आठवते: कोणत्या साली पाणी कुठपर्यंत चढले होते.

फरश्यांवरून आठवले. अलीकडे सर्वच शहरांत बागांचे ‘सुशोभीकरण’ करण्याची मोठी हौस आली आहे. बागेत काही नसलेला एखादा तुकडा दिसला, की तो वाया चालला आहे असे समजले जाते. मग तिथे कारंजे येते, कारंज्याभोवती कुंपण येते, कुंपणाला तिकीटखिडकी येते. बाकांच्या मधोमध लोखंडी दांड्या बसविल्या जातात, म्हणजे थकलेल्या माणसाने आडवे होऊ नये. कित्येक शहरांतील बागा तर भर दुपारी कुलूपबंद असतात. सकाळी व्यायाम करणाऱ्यांसाठी आणि संध्याकाळी हवा खाणाऱ्यांसाठी त्या उघडतात. दुपारी बागेची गरज कोणाला असते, याचा विचार वेळापत्रक ठरविणाऱ्यांनी केलेला नसतो. स्वच्छता नको, शिस्त नको, असे माझे म्हणणे नाही. प्राणिसंग्रहालयाला आणि वस्तुसंग्रहालयाला तिकीट असणे योग्यच आहे. मुक्या प्राण्यांना आणि मेलेल्या देवमाशालाही देखभाल लागते. पण ज्या गवतावर पाहण्यासारखे काहीच नाही, ते तसेच राहू द्यावे. तुम्ही ज्या गावात किंवा शहरात राहता, तिथल्या बागेत दुपारी दोन वाजता जाऊन पाहा. फाटक उघडे असले तर आत कोण बसले आहे ते जरूर पाहा.

गेल्या वर्षी कामानिमित्त बडोद्याला गेले असताना मी अशीच भर दुपारी कमाटी बागेत गेले. कडुनिंबाच्या सावलीत एका बाकावर एक बाई जेवत बसल्या होत्या. डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. बोलण्यावरून त्या खानदेशच्या वाटल्या, म्हणून मी मराठीतच विचारले, ‘‘कुठल्या तुम्ही?’’

‘‘आमचं गाव नंदुरबारकडे, ताई. पण इथं येऊन बारा वर्षं झाली. चार घरची कामं करते.’’ त्यांनी डब्याचे झाकण माझ्यापुढे केले. ‘‘घ्या ना, भाकरी घ्या थोडी.’’

मी तुकडा घेतला. ठेचा चांगलाच तिखट होता. रोज इथेच जेवता का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘दोन कामांच्या मध्ये एक तास मिळतो. घरी जाऊन यायचं तर तो तास रस्त्यातच जातो. आणि ज्यांच्याकडे काम करतो, त्यांच्या घरात काम संपल्यावर कसं बसायचं? बसलं तर बाई विचारतात, झालं ना सगळं? मग बसलीस का? इथं बरं आहे. इथं कोणी उठ म्हणत नाही.’’

पलीकडून शाळेच्या सहलीची मुले दोन-दोनच्या रांगेने देवमासा पाहायला चालली होती. त्यांच्या बाई त्यांना गुजरातीत दटावत होत्या आणि मुले ते ऐकत नव्हती. बाईंनी डबा पुसून पिशवीत ठेवला, नळावर हात धुतले, पदराने तोंड पुसले. मग पुन्हा येऊन बाकावर टेकल्या. तिसऱ्या कामाला अजून वीस मिनिटे होती. त्यांनी चपला काढून पाय वर घेतले, पिशवी उशाशी घेतली आणि डोळे मिटले. मी थोडी सरकून बसले.